वारली चित्राचा दाखला: प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५, गोरेगाव

आजपासून नोंदवही सुरू. काम थोडक्यात असं: ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वारली चित्रासोबत एक दाखला द्यायचा. घेणाऱ्याने फोन टेकवला की चित्र कोणाच्या हातचं, कुठल्या पाड्यातलं आणि त्याची ग्वाही कोणी दिली हे त्याला दिसलं पाहिजे. एकदा नोंदलेलं नंतर कोणालाच, अगदी आम्हालाही, गुपचूप बदलता येऊ नये. त्यासाठी ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपलेली नोंदींची साखळी.

आजचा दिवस मोठ्या विक्री-साइटवर 'वारली' शोधण्यात गेला. चादरी, मग, ट्रे, भिंतीवर चिकटवायचे स्टिकर. छापील माल छापील म्हणून विकला तर निदान गिऱ्हाइकाची फसवणूक होत नाही. संताप येतो तो 'हँडपेंटेड', 'ट्रायबल आर्टिस्टच्या हातचं' असं लिहून विकलेल्या फ्रेमांचा. अशा एका फ्रेमचा फोटो मोठा करून पाहिला. तारपा वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचाच्या फेऱ्यात चौथी बाई आणि नववी बाई अंबाड्यापासून पावलापर्यंत एकच. गुडघ्याचा बाक तोच, अंबाड्याजवळ उडालेला पांढरा ठिपकासुद्धा तोच. हाताने काढलेल्या फेऱ्यात असं होत नाही. पानावर विकणाऱ्याचं नाव ठळक होतं, चित्रकाराचं कुठेच नव्हतं.

ही चित्रं मुळात विकायची नव्हती. लग्नघरात सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, चौकात पालघट देवी, आणि धवलेरी म्हणजे पुरोहित बाईने लग्न लावायचं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर फिरले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद आला आणि चित्र भिंतीवरून उतरलं. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. एका माणसाच्या हयातीत ही चित्रं जगभर पोचली, आणि त्याच वेगाने त्यांची नक्कलही. आता पाड्यावरच्या चित्रकाराला स्वतःच्याच कलेच्या छापील नकलेशी किमतीत टक्कर द्यावी लागते.

२७ जून

इतर देशांनी काय केलं ते वाचून काढलं. अमेरिकेत १९९० पासून कायदा आहे: मूळनिवासींनी बनवलेली नसलेली वस्तू तशी आहे असं भासवून विकली, तर पहिल्याच गुन्ह्यात माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. ऑस्ट्रेलियात बिरुबी आर्ट नावाच्या कंपनीने इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि डिजरिडू (फुंकून वाजवायचं लांब वाद्य) हजारोंनी विकली, आणि ती तिथल्या आदिवासींच्या हातची असल्याचा आभास निर्माण केला. २०१९ मध्ये न्यायालयाने २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला, पण कंपनी तोवर अवसायनात निघाली होती.

एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवते. बिरुबीवर खटला ग्राहक कायद्याखाली चालला. शैली चोरली हा तिथे गुन्हा धरला गेला नाही, गिऱ्हाइकाची दिशाभूल केली हा धरला गेला. दाखल्याची खरी ताकद इथेच आहे. खऱ्या चित्राजवळ पडताळता येईल असं काही असलं, तर खोट्या चित्राजवळ ते नाही हेही दिसतं.

आपल्याकडे वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय आहे. पण १९९९ चा तो कायदा मालाची आणि प्रदेशाची सांगड घालतो. हे चित्र कोणत्या बाईने काढलं, हे सांगणं त्याचं काम नाही. आमच्या ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर आरे कॉलनीत वारल्यांचे पाडे आहेत, मुंबई शहर व्हायच्या आधीपासूनचे. तिथल्या चित्रकाराचा पिनकोड पालघरचा नाही, म्हणून त्याचं चित्र कमी वारली ठरत नाही. आमच्या नोंदीत पिनकोडवरून काहीही ठरणार नाही, हे आजच पक्कं केलं.

७ जुलै

ठशाचं काम. एसएचए-२५६ हे गणित कुठल्याही फाइलचा २५६ बिटांचा ठसा काढतं. लिहिला तर ६४ आकडे-अक्षरं. फाइलमधला एक बिंदू बदलला की सगळा ठसा बदलतो. म्हणून नोंदीत कोणी ढवळाढवळ केली तर ती लगेच उघडी पडते.

पण हा ठसा फाइलचा असतो, चित्राचा नाही. एकाच चित्राचे लागोपाठ दोन फोटो काढले तर दोन वेगळे ठसे मिळतात. पुण्यातल्या माणसाने घरी आलेल्या चित्राचा फोटो काढून जुळवायचा म्हटलं, तर तो कधीच जुळणार नाही. ब्लॉकचेनवाल्या बऱ्याच कंपन्या या मुद्द्यावरून पटकन पुढे सरकतात. आम्हाला इथेच थांबून उत्तर शोधायचं आहे.

सध्याचा मार्ग: प्रत्येक चित्राच्या तीन जागांचे अगदी जवळून फोटो. भिंगातून पाहिलं की हातचं चित्र लपत नाही. शेण-गेरूचा हात दिलेल्या कापडावर धाग्यांच्या गाठी वर येतात, कुठे गवताची बारीक काडी अडकलेली असते. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने ओढलेली रेघ सुरुवातीला जाड, मग विरळ. कडेला रंगाचा बारीक बांध सुकलेला. रेघ गाठीवरून जाते तिथे ती किंचित तुटते. स्क्रीन प्रिंटचा रंग सगळीकडे एकाच जाडीचा, कडा कापल्यासारख्या. या तीन जागांची रचना संगणक जुळवतो आणि 'किती जुळलं' ते सांगतो. फोटोंच्या फाइलींचा ठसा साखळीवर, फोटो आमच्याकडे आणि प्रत पाड्यावर.

एक पथ्य. आज बरेच चित्रकार तांदळाच्या पिठाऐवजी पांढरा पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक वापरतात, कारण पीठ कापडावरून झडतं. काही जण रेल्वे, विमान, मोबाइलचा टॉवरही काढतात. 'पीठ असेल तरच खरं' अशी अट आम्ही घालणार नाही. कशाने काढलं ते लिहायचं, बस्स.

१८ जुलै

कोल्हापुरीची बातमी सगळ्यांनी वाचली. जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे. त्यावरची जनहित याचिका परवा मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. मुद्दा असा निघाला की जीआयची नोंद ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः दाद मागायला हवी, बाहेरच्यांनी नाही.

आमच्यासाठी यात मोठी गोष्ट आहे. आम्ही गोरेगावातली चार तांत्रिक मंडळी. उद्या बनावट चित्राविरुद्ध कोणी उभं राहायचं झालं, तर ते आम्ही असू शकत नाही. मग दाखला आमच्या नावाने निघण्यात काय अर्थ? तो चित्रकारांच्याच मंडळाच्या नावाने निघायला हवा आणि नोंदीवर सही करायच्या डिजिटल किल्ल्या त्यांच्या हातात हव्यात. आजपर्यंतच्या आराखड्यात 'दाखला देणारा' या रकान्यात आमचं नाव होतं. ते काढलं.

३० जुलै, आरे

पालघरकडे सध्या भातलावणी चालू आहे, तिथे कोणाला बैठकीला बोलावणं चूक. म्हणून आरेतल्या पाड्यावर एका चित्रकार जोडप्याकडे गेलो. बाहेर धो धो पाऊस, घरात जमिनीवर कापड पसरलेलं. दादांनी झाड, डोंगर, माणसं रेघांनी बांधून ठेवली होती. वहिनी झाडाची पानं भरत होत्या: एक एक पान म्हणजे काडीचा एक टेकवा, फांदीच्या देठाकडून टोकाकडे, हात न उचलता मोजल्यासारखी लय. आम्ही दोन तास होतो, तेवढ्यात एका झाडाचा अर्धा भाग झाला. झाडं पाच.

फॉर्ममध्ये 'चित्रकाराचं नाव' असा एकच रकाना होता. दादांनी स्वतःचं नाव सांगितलं, कारण खाली सही त्यांचीच असते, दुकानदार तेच विचारतो. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मी नुसती भरते." ज्या कलेचा चौक पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी काढला, ती विकायला निघाल्यावर नावं बहुतेक पुरुषांची झाली. दाखल्यात हे तसंच पुढे नेलं तर आम्ही तो अन्याय कायमचा कोरून ठेवू, आणि तोही न पुसता येणाऱ्या वहीत.

रकाना बदलला: आता तो 'हात' असा आहे आणि त्यात कितीही जणांची नावं बसतात, प्रत्येकाने काय केलं ते त्याच्या शब्दांत. दादांनी काही हरकत घेतली नाही, उलट मोठ्या मुलीचं नावही सांगितलं, बॉर्डर तिने काढली होती. वहिनींनी एकच प्रश्न विचारला: नाव लागलं तर पैसेही खात्यावर वेगळे येणार का? येणार. विक्रीच्या वेळी हिस्सा ठरवून प्रत्येकाच्या खात्यात, ही आमची अट आहे.

१२ ऑगस्ट, डहाणू

९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाची गडबड संपल्यावर पाड्यांवरच्या चित्रकारांची बैठक ठेवली. विरारहून डहाणू लोकल पकडून सगळे साडेदहापर्यंत पोचलो. आजची चर्चा या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

साखळी काय करते? लिहिलेलं जपते. लिहिताना खोटं लिहिलं तर खोटंही तितक्याच निष्ठेने जपते. कोणी छापील चित्र आणून 'माझ्या हातचं' म्हणालं आणि आम्ही नोंदवलं, तर जगातलं कितीही भक्कम गणित त्याला खरं करणार नाही. म्हणजे प्रश्न उरतो तो दारातल्या माणसाचा: चित्र नोंदीला येतं तेव्हा 'हो, हे यांचंच' असं कोण म्हणतं?

मंडळींनी ठरवलेली पद्धत: दर पाड्यांच्या गटात पाच साक्षीदार, गटानेच निवडलेले, त्यात किमान दोन बाया. पाचांपैकी तिघांची सही झाली तरच नोंद. स्वतःच्या घरातल्या चित्रावर सही करायची नाही. शंका असेल तर चित्रकाराने समोर बसून चार आकृत्या काढून दाखवायच्या. एक काका म्हणाले की कोणाचा हात कुठला हे त्यांना सहीवाचून कळतं, बैलाच्या शिंगावरूनच ओळखू येतं. त्यांनी लगेच तीन चित्रं ओळखून दाखवली.

मग अवघड प्रश्न आला. एका घरात कोकणा समाजातली सून आहे, नणंदेकडून शिकली, आज तिचा हात गावात सगळ्यांत बारीक. तिचं चित्र वारली म्हणून नोंदवायचं? बराच वेळ दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. काहींचं म्हणणं, कला वारल्यांची आहे, उद्या शहरातल्या क्लासमध्ये शिकलेलाही हेच म्हणेल. काहींचं म्हणणं, सून आपल्या घरातली आहे. शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी सांगितलं ते सगळ्यांना पटलं: जे आहे ते लिहा. ती कोण, कोणाकडून शिकली, कुठे राहते. घेणाऱ्याला वाचता येतं.

यावरून आमच्या डिझायनरचा आणि माझा परतीच्या गाडीत वाद झाला. तिला पानावर मोठी हिरवी खूण हवी आहे, 'अस्सल'. गिऱ्हाईक दोन सेकंदात ठरवतं, एवढं कोण वाचणार, हे तिचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. तरीही मी विरोधात आहे. 'अस्सल' हा निकाल झाला, आणि तो देण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचं पान फक्त सांगेल: हे हात, हा पाडा, ही तारीख, या तिघांची ग्वाही.

२६ ऑगस्ट

किल्ल्या. ब्लॉकचेनवर सही करायची तर प्रत्येक साक्षीदाराकडे खासगी किल्ली, म्हणजे फक्त त्याच्याकडचा गुप्त आकडा, हवी, आणि ती हरवली तर परत मिळवायला नेहमीची सोय म्हणजे १२ किंवा २४ शब्दांची यादी. त्या शब्दांच्या प्रमाणित याद्या इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषांत आहेत; एकही भारतीय भाषा नाही. ज्या आजींनी डहाणूत पेच सोडवला, त्यांना बारा इंग्रजी शब्द कागदावर लिहून जपायला सांगायचे? शिवाय फोन घरात एक, तो मुलाकडे, मुलगा कामाला वापीला.

म्हणून साक्षीदाराला छोटं कार्ड, आत चिप, आणि आकड्यांचा पिन. पाड्यावरच्या सामायिक फोनला कार्ड टेकवायचं. कार्ड हरवलं तर उरलेल्या चौघांपैकी तिघांनी मिळून जुनं रद्द करून नवं द्यायचं. आम्हाला त्यात मत नाही.

१० सप्टेंबर

साखळीची निवड. पॉलिगॉन नावाचं ब्लॉकचेन-जाळं घेतलं. ते मुळात मॅटिक या नावाने २०१७ मध्ये भारतीय तरुणांनीच सुरू केलं, आणि त्यांच्या चाचणी-जाळ्याचं नाव बरीच वर्षं 'मुंबई' होतं. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं, त्याची जागा 'अमॉय'ने घेतली. आम्ही चाचण्या अमॉयवर केल्या. विजेच्या उधळपट्टीचा आक्षेप काही जण घेतात. तो संगणकांना अवाढव्य गणितं सोडवायला लावून, म्हणजे 'खोदकाम' करून, चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या साखळ्यांना लागू आहे. ही साखळी तशा खोदकामावर चालत नाही, आणि जिच्यावर ती टेकते त्या इथेरियम नावाच्या मोठ्या साखळीनेही सप्टेंबर २०२२ मध्ये ते सोडलं.

आपल्या राज्यातलं उदाहरणही आहे: गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले याच साखळीवर नोंदवायचा उपक्रम झाला.

खर्च कमी ठेवण्यासाठी दिवसभरातल्या सगळ्या नोंदींचे ठसे जोडीजोडीने एकत्र करत शेवटी एकच ठसा उरतो, तो साखळीवर जातो. दहा चित्रं असोत की पाचशे, व्यवहार एकच.

२५ सप्टेंबर

चिपा आल्या. क्यूआर कोडची छायाप्रत कोणीही काढू शकतो, म्हणून मोठ्या चित्रांना एनटॅग ४२४ डीएनए जातीची चिप. दर वेळी फोन टेकवला की ती नवा सांकेतिक आकडा देते, त्यामुळे जुना दुवा चोरून उपयोग नाही. चिप उसवून दुसऱ्या कापडाला लावली तर? तिच्यातल्या एका प्रकाराला बारीक तारेचं वेटोळं असतं, ते तुटलं की चिप कायमचं तसं सांगते. कापडाच्या दुमडीत शिवून पाहिली. चित्र गुंडाळून नळकांड्यात घालताना पहिल्या खेपेला वेटोळी तुटली. दुमड आडवी न ठेवता उभी ठेवली तेव्हा टिकली. ग्रीटिंग कार्डांना चिपेचा खर्च परवडत नाही, तिथे साधा कोड आणि फोटो-जुळणी.

८ ऑक्टोबर

एका गुंतवणूकदाराने सुचवलं: दाखल्याचं एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर विकता येणारं डिजिटल मालकीपत्र, करा, लोक त्याचीही खरेदी-विक्री करतील, दर विक्रीला चित्रकाराला आपोआप रॉयल्टी. नाही म्हणून कळवलं. 'आपोआप रॉयल्टी' हा शब्द बाजारावर अवलंबून असतो. ओपनसीसारख्या मोठ्या एनएफटी-बाजाराने २०२३ मध्ये ती विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडली. शिवाय आभासी मालमत्तेच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. पाड्यावरच्या माणसाला त्या भानगडीत ओढायचं कारण नाही. आमचा दाखला विकता येणार नाही, तो चित्राबरोबर राहील.

रॉयल्टीचा खरा आधार आपल्याच कायद्यात आहे आणि फारसा कोणी वापरत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात हिस्सा मागता येतो, कमाल १० टक्के. आजवर अडचण ही की चित्र पुन्हा विकलं गेलं हे पाड्यावर कळणारच कसं. नवा मालक स्वतःचं नाव नोंदवायला चिप टेकवेल तेव्हा ते कळेल. या एका कलमासाठीसुद्धा हा प्रकल्प करण्यासारखा आहे.

१७ नोव्हेंबर

वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियम आता अधिसूचित झाले. त्या कायद्यात माणसाला स्वतःची माहिती पुसून मागण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि साखळीवरून काही पुसता येत नाही. आमच्या मांडणीत हा पेच येत नाही, कारण साखळीवर नाव, जात, गाव काहीच नाही, फक्त ठसे. नावं पाड्याच्या नोंदवहीत. कोणाला आपलं नाव काढायचं असेल तर तिथून निघेल.

देवचौकाबद्दलही निर्णय झाला. लग्नाचा आणि देवाचा चौक बाजारासाठी नाही असं ज्या गटांचं म्हणणं आहे, तिथे साक्षीदार त्या चित्रावर सही करणार नाहीत. यंत्रणेत त्यासाठी वेगळा नियम लिहायची गरज पडली नाही.

२८ नोव्हेंबर

एका मोठ्या विक्री-साइटचं उत्तर आलं: दाखल्याचा दुवा पानावर टाकू देतील, पण शोधात दाखलेवाल्या चित्रांना वर आणणार नाहीत. म्हणजे तेच छापील 'हँडपेंटेड' पहिल्या ओळीत. पत्रव्यवहार सुरू ठेवायचा. तोवर स्वतःचं पान आणि फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव.

काल पहिला अर्ज नाकारला गेला. एका व्यापाऱ्याने गठ्ठाभर चित्रं आणली, सगळी एकाच चित्रकाराच्या नावावर. साक्षीदारांनी दोन तास बसून पाहिली आणि त्यातली बरीचशी त्याच्या हातची नाहीत असं सांगितलं. चित्रकाराला बोलावलं, त्यानेही तेच सांगितलं, व्यापाऱ्याने त्याच्याकडून सह्या आधी करून घेतल्या होत्या. जी त्याची होती ती नोंदवली. बाकीची काढणारी पोरं शेजारच्याच पाड्यातली निघाली, त्यांना स्वतःच्या नावाने नोंदवायला बोलावलं आहे.

नाकारलेल्या अर्जाची नोंद साखळीवर ठेवायची की नाही, हे अजून ठरायचं आहे. माझं मत ठेवावी असं आहे, व्यापाऱ्याचं नाव न घेता. साक्षीदारांची बैठक ५ डिसेंबरला डहाणूत. जाताना आठ नवी कार्डं आणि भिंगाची जोडी न्यायची.